बटण बंद केलं तरी एलईडी मिणमिणतो: बल्ब बदलण्याआधी हे तपासा

दिवा बंद करून आडवं व्हावं, डोळे अंधाराला सरावावेत आणि छताकडे पाहिलं तर बल्ब अजून फिकट उजळलेलाच. काही घरांत तो सतत मिणमिणत नाही. दर सात-आठ सेकंदांनी एकदा चमकतो आणि विझतो. बल्ब बदलून आणला तरी नवाही तसाच वागतो. गिरगाव-परळच्या चाळींपासून कांदिवलीच्या टॉवरपर्यंत ही तक्रार सारखी निघते आणि बहुतेक जण 'चांगल्या कंपनीचा' बल्ब आणून तिच्यावर पांघरूण घालतात. कधी फरक पडतो, कधी नाही. पडला तरी मूळ कारण भिंतीत तसंच राहतं आणि त्या कारणांपैकी एक जिवावर बेतणारं आहे. म्हणून आधी कारण शोधा.

एलईडी पेटतो कसा, आणि विझत का नाही

एलईडी म्हणजे अर्धवाहकाचे एकमेकांना जोडलेले दोन थर. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. योग्य दिशेने व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन सीमा ओलांडून त्या जागांमध्ये पडतात आणि पडताना सुटलेली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर येते. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्याला ३ च्या आसपास. घरातला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो, तो निळ्यातला बराच प्रकाश पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरं दिसतं. उजळ निळा एलईडी जमायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जुना पिवळा बल्ब मात्र तापून उजळायचा. ६० वॅटच्या बल्बची तार दोन हजार अंशांच्याही वर तापली की मगच भरपूर प्रकाश. थंड असताना त्या तारेचा रोध शंभर ओहमच्याही खाली असतो. म्हणजे वायरिंगमधून १ मिलीअँपिअर करंट पाझरला तरी तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टचा दहावा भागही पडत नाही. ती कोमटसुद्धा होत नाही. एलईडीला तापायचं नसतं. काही मायक्रोअँपिअर मिळाले तरी तो अंधारात दिसेल इतका उजळतो. थोडक्यात, पाझर तुमच्या वायरिंगमध्ये वीस वर्षांपासून असेल. जुन्या बल्बला तो कळत नव्हता, एलईडीला कळतो.

आता चमकून विझण्याचं कोडं. बल्बच्या पोटात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवा तसा करंट पुरवणारं छोटं सर्किट असतं. २३० व्होल्टचा एसी आधी त्याचा डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून जातो आणि ४.७ ते १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठतो. पूर्ण सप्लायवर हा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो. बटण बंद असताना येणारा पाझर म्हणजे नीट न मिटलेल्या नळातून पडणारे थेंब, आणि कपॅसिटर म्हणजे खाली ठेवलेला तांब्या. थेंबाथेंबाने तो भरत जातो, पुरेसं व्होल्टेज साठलं की ड्रायव्हरच्या आयसीला (नियंत्रण करणाऱ्या चिपला) वाटतं सप्लाय आला. ती सुरू होते, दिवा चमकतो, तांब्या क्षणात रिकामा, की पुन्हा पहिल्यापासून. सुमारे ७० मायक्रोअँपिअर पाझर असेल तर ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० व्होल्टपर्यंत चढायला सात-आठ सेकंद लागतात, म्हणून चमकण्यातलं अंतर तेवढं. दिवसभराचा हिशेब केला तर दहा हजारांहून अधिक वेळा चालू-बंद. ज्या स्वस्त बल्बांत ड्रायव्हर साधा, लिनियर पद्धतीचा असतो, ते चमकत नाहीत, सलग मिणमिणतात. पाझर दोन्हींत सारखाच.

बिलाचं विचाराल तर महिन्याला जेमतेम दशांश युनिट. तिकडे बघूच नका.

हात लावण्याआधी

बटण बंद केल्यावर सेकंदभर, काही बल्बांत पाच-दहा सेकंद उजेड रेंगाळतो. तो कपॅसिटरमधला उरलेला साठा. त्यात बिघाड काही नाही. दोन मिनिटांनंतरही दिवा दिसत असेल तरच पुढे वाचा.

बोर्ड उघडायचा असेल तर मेन एमसीबी (घराची वीज तोडणारा मुख्य सुरक्षा-स्विच) पाडा, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतोय हे पाहून ठेवा. बंद पडलेला टेस्टर 'करंट नाही' असंच सांगतो. एमसीबी पाडल्यावर बोर्डातली प्रत्येक तार पुन्हा टेस्टरने पाहायची, निव्वळ विश्वासावर नाही. यातलं काही नवखं वाटत असेल तर तपासणी तुम्ही करा आणि तारा सोडवायचं काम परवानाधारक वायरमनवर सोडा. काय तपासलं आणि काय दिसलं हे त्याला सांगता आलं की तो दहा मिनिटांत मुद्द्यावर येतो, नाहीतर तोही बल्बच बदलून जातो.

बटणातला लाल ठिपका

सगळ्यात सोपं कारण हेच, म्हणून आधी बघा. अंधारात बटण सापडावं म्हणून काही मॉड्युलर स्विचमध्ये छोटा निऑन दिवा असतो. तो बटण *बंद* असताना पेटत असेल तर तो बटणाच्या दोन टोकांमध्ये जोडलेला आहे, आणि त्याचा करंट जायला वाट एकच: तुमच्या बल्बमधून. साधारण अर्धा ते एक मिलीअँपिअर. पिवळ्या बल्बला फरक पडत नव्हता, एलईडी त्यावर खुशाल चमकतो.

ठिपका बटण *चालू* असताना पेटत असेल, किंवा बोर्डावर कायम जळणारा वेगळा इंडिकेटर असेल, तर तो फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांच्या मध्ये आहे. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही.

उपाय म्हणजे साधा, बिनठिपक्याचा स्विच बसवणं. न्यूट्रल नसलेले टच स्विच, वायफाय स्विच आणि काही मोशन सेन्सर यांचंही हेच. स्वतः जागं राहण्यासाठी ते बल्बमधूनच थोडा करंट ओढतात. तिथे स्विच बदलण्यापेक्षा पुढे सांगितलेला कपॅसिटर बरा. अनेक कंपन्या तो डब्यातच देतात आणि बसवणारा तो डब्यातच ठेवून जातो.

बटण न्यूट्रलवर: हे आजच्या आज दुरुस्त करा

बटणाचं काम फेज तोडणं. चुकून न्यूट्रल बटणात आला आणि फेज थेट होल्डरला गेला तरी दिवा नीट लागतो, नीट बंद होतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरच्या दोन्ही पिनांपर्यंत आणि बल्बच्या आतल्या सगळ्या पट्टीवर फेज उभा असतो. तिथून भिंत, छताची सळई, शेजारचा न्यूट्रल यांच्याकडे किंचित करंट झिरपतो आणि बल्ब मिणमिणतो. बल्ब मिणमिणणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. बटण बंद करून, लोखंडी स्टुलावर उभं राहून, एक हात खिडकीच्या ग्रिलला धरून बल्ब बदलणाऱ्याला तोच फेज भेटतो.

तपासणी दोन पायऱ्यांची. आधी तीन पिनांच्या सॉकेटसमोर उभे राहा, मोठं अर्थिंगचं भोक वर. उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे, डाव्यात नाही. डाव्यात पेटला तर अदलाबदल वरच कुठेतरी झाली आहे: मेन बोर्डात, किंवा मीटरपासून घरात येणाऱ्या केबलमध्ये. मग एकटा हा दिवा नाही, त्या सर्किटवरची सगळी बटणं न्यूट्रल तोडताहेत. एकपोली (एकच तार तोडणारी) एमसीबी असेल तर तीसुद्धा न्यूट्रलच तोडते, म्हणजे एमसीबी पाडूनही घरातल्या तारा जिवंत.

सॉकेट बरोबर निघालं तर होल्डर तपासा. बटण बंद, बल्ब काढलेला, टेस्टर एकेका पिनेला. एका पिनेवर टेस्टर सॉकेटइतकाच लख्ख पेटला तर फक्त या पॉइंटची जोडणी उलटी आहे. नुसता मंद पेटला तर तो शेजारच्या तारेतून आलेला आभासी दाब असू शकतो. इथे मल्टीमीटर उपयोगी: एक टोक पिनेला, दुसरं जवळच्या सॉकेटच्या अर्थिंगला. पूर्ण २३० च्या आसपास दिसलं तर फेज. चाळीस, सत्तर, नव्वद असं अधलंमधलं आणि हलतं काहीतरी दिसलं तर तो आभासी दाब.

एका पॉइंटची दुरुस्ती बोर्डातच होते. मेन बंद करून बटणाला येणारी न्यूट्रलची लूप (जोडतार) काढायची, तिथे शेजारच्या बटणाची फेजची लूप घ्यायची. होल्डरकडून आलेली जी तार फेजला बांधलेली होती ती न्यूट्रलच्या जुडग्यात. लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नियम खरा, पण लाकडी पट्टीतून गेलेल्या जुन्या वायरिंगमध्ये रंगावर जाऊ नका. तिथे हाताला लागली ती तार ओढलेली असते. काळ्या तारेत फेज मिळणं मुळीच नवल नाही.

दिवाळीत गॅलरीत टांगलेला कंदील प्लगजवळचं बटण बंद करूनही फिकट उजळलेला दिसला तर तोही याच संशयाचा इशारा समजा. त्या सॉकेटचं बटण तपासा.

सगळं बरोबर, तरी मिणमिणतो

इंडिकेटर नाही, फेज बटणावरच आहे, तरीही बल्ब चमकतो. हे मुख्यतः जिन्याच्या आणि पॅसेजच्या दिव्यांत, जिथे वर एक आणि खाली एक अशी टू-वे बटणं असतात. दोन बटणांमधून दोन तारा शेजारीशेजारी जातात. दिवा बंद असताना त्यातली एक कायम जिवंत असते, दुसरी बल्बकडे जाणारी. एकाच पाइपात चिकटून गेलेल्या दोन तारा म्हणजे लांबलचक कपॅसिटरच, दर मीटर लांबीला ढोबळ १०० पिकोफॅरडचा. दहा मीटरला १ नॅनोफॅरड, आणि ५० हर्ट्झवर त्यातून सुमारे ७० मायक्रोअँपिअर पलीकडे जातात. वर थेंब आणि तांब्या यांच्या हिशेबात हाच आकडा आला होता. एकाच पाइपातून एअर कंडिशनरची आणि दिव्याची तार गेलेल्या फ्लॅटमध्येही असंच होतं.

इथे वायरिंगमध्ये चूक काही नाही. तारा वेगळ्या पाइपातून ओढणं हा पुस्तकी उपाय, पण त्यासाठी भिंती कोण फोडणार? व्यवहारातला उपाय म्हणजे दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर. पाझर त्यातून निघून जातो, बल्बपर्यंत पुरेसं व्होल्टेज चढतच नाही.

घ्यायचा तो एक्स-टू वर्गाचा, ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी. बहुधा पिवळ्या किंवा राखाडी चौकोनी डबीवर १०४ आणि एक्स-टू अशी खूण असते. लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतो. ५० हर्ट्झला तो सुमारे ३२ किलोओहमसारखा वागतो. दहा मीटरच्या पाझराचे २३० व्होल्ट त्याने दोन-अडीच व्होल्टवर येतात. इंडिकेटरचा १ मिलीअँपिअरही त्यातून गेला तरी बल्बवर तीसेक व्होल्टच उरतात आणि बहुतेक ड्रायव्हर तेवढ्यावर जागे होत नाहीत. दिवा चालू असताना कपॅसिटरमधून जाणारा करंट जवळपास सगळा वॅटलेस, त्यामुळे तो तापत नाही आणि मीटरही फिरवत नाही. कपॅसिटरऐवजी रेझिस्टर लावायचा सल्ला काही जण देतात. ४७ किलोओहमचा रेझिस्टर दिवा चालू असेपर्यंत १ वॅटहून जास्त उष्णता काढतो, आणि तीही बंद प्लास्टिकच्या डबीत. नको.

यात चुका ठरलेल्या:

- कपॅसिटर होल्डरच्या किंवा सीलिंग रोझच्या (छतावरच्या जोडणीच्या डबीच्या) दोन टोकांमध्ये लावायचा. बटणाच्या टोकांमध्ये लावला तर उलटंच होतं. तो स्वतःच ७ मिलीअँपिअर बल्बकडे पाठवतो.
- ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म कपॅसिटर चालत नाही. मेनवर कायम राहिला तर शॉर्ट होऊन जळू शकतो. एक्स-टू वर्ग त्यासाठीच असतो.
- पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घरात पडलाय म्हणून वापरू नका. बटण दाबताना त्यात शिरणारा करंट संपर्क जाळतो.
- कपॅसिटरच्या उघड्या तारांवर स्लीव्ह, जोड कनेक्टरमध्ये. नुसतं पीळ मारून टेप गुंडाळू नका. मुंबईच्या दमट हवेत टेपचा चिकटा सुटतो.

कपॅसिटरला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडले तर बल्ब काढल्यावर उरलेला चार्ज उतरतो आणि हात लावणाऱ्याला चिमटा बसत नाही.

फक्त पावसाळ्यात होत असेल तर

मार्च-एप्रिलमध्ये दिवा गुपचूप विझतो आणि जुलैत मिणमिणायला लागतो, तर कपॅसिटरच्या फंदात पडू नका. पाणी शिरलंय. गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅबमधल्या पाइपात, पश्चिमेच्या भिंतीवरच्या बोर्डात, बाथरूमला लागून असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये ओल उतरते आणि फेजच्या तारेतून बटणापलीकडच्या तारेत खराखुरा करंट झिरपतो. समुद्राजवळच्या इमारतींत खारट थर बसलेला असतो, तिथे हे आणखी लवकर. बटणाची पट्टी काढून मागे पाहा: पितळी स्क्रूंवर हिरवट बुरशीसारखं साठलेलं, प्लास्टिकवर तपकिरी वाटा उमटलेल्या. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती तार बदलायची. इथे कपॅसिटर लावून मिणमिणणं थांबवलं तर दिसणारी एकमेव खूण तुम्ही स्वतःच पुसून टाकाल.

चालू असताना लुकलुकतो, ही वेगळी तक्रार

एकच दिवा लुकलुकत असेल तर होल्डर. पिनांच्या स्प्रिंग मऊ पडतात, टोकं काळी होतात, कान दिला तर बारीक चर्र आवाजही येतो. घासून साफ करण्यात वेळ घालवू नका, नवा होल्डर लावा. पट्टीत ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब घातली असेल तर जुना चोक सर्किटमधून काढलाय का ते पाहा, आणि जोडणी एका टोकाला द्यायची की दोन्ही टोकांना, हे ट्यूबवरच्या आकृतीप्रमाणेच करा.

घरातले सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील, त्यातही काही मंद आणि काही नेहमीपेक्षा प्रखर दिसत असतील, तर मेन ताबडतोब बंद करा. इमारतीत तीन फेज येतात आणि खोल्यांमध्ये वाटले जातात. सामायिक न्यूट्रल सैल झाला की कुणाला दीडशे व्होल्ट, कुणाला साडेतीनशे. दोन फेजमधला दाब ४०० च्या आसपास असतो, त्याच्या शिखराला साडेपाचशे व्होल्टहून जास्त होतात, आणि बल्बमधला कपॅसिटर असतो ४०० चा. तो फट आवाज करून जातो, मागोमाग टीव्ही आणि फ्रिज. मीटर रूमच्या सीलबंद भागाला सोसायटीच्या इलेक्ट्रिशियननेही हात लावायचा नसतो. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, ज्याचं बिल येतं त्याला कळवा.

मेलेला बल्ब उघडून पाहायचा असेल तर

होल्डरमधून काढून दोन-चार मिनिटं बाजूला ठेवा, मग पांढऱ्या टोपणाच्या कडेने पट्टी घालून ते उचका. ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे चौकोन गोलात बसवलेले दिसतील. एखाद्याच्या मधोमध खसखशीएवढा काळा ठिपका असेल तर तोच गेला आहे. सगळे एका माळेत असल्यामुळे एक तुटला की पूर्ण दिवा गेला. जागच्या जागी सोल्डरचा टाका मारून तो वगळला तर दिवा पेटतो, पण लिनियर ड्रायव्हरमध्ये वगळलेल्या एलईडीच्या वाटणीची उष्णता आयसीवर पडते, म्हणून काही आठवड्यांत तोही जातो. बंद काचेच्या गोळ्यात किंवा पीओपीच्या छतात हवा न खेळता बसवलेल्या दिव्यांत असे ठिपके लवकर येतात. कपॅसिटर दर दहा अंश जास्त गरमीला साधारण निम्मं आयुष्य गमावतो, म्हणून तिथे कमी वॅटचा बल्ब लावा आणि खोक्यावर बीआयएसचा आर-क्रमांक (नोंदणी क्रमांक) आहे का ते पाहूनच घ्या.

ती चकती मेनपासून विलग केलेली नसते. टोपण घट्ट बसत नसेल तर तो बल्ब पुन्हा होल्डरमध्ये घालू नका, ई-कचऱ्यात टाका.